गडग्याजवळचा कोयता आणि न्यायालयातला कोयता

चिरेबंदी (धागाकर्ता)

आमच्या घराण्यातील एका फौजदारी खटल्याचा निकाल अलीकडेच लागला. आरोपी निर्दोष सुटला, आणि खरे सांगायचे तर फिर्यादी पक्षाला, म्हणजे आम्हालाही, सुटल्यासारखेच वाटले. निकालानंतर जो प्रश्न मला छळतो आहे तो इथे मांडतो, कारण या मंडळींत कोर्टाची पायरी चढलेले बरेच जण आहेत.

गाव उत्तर रत्नागिरीतले. नाव सांगत नाही. पणजोबा एकच, घरे दोन. सातबारा सामाईक असून त्यावर तेवीस नावे आहेत, त्यांतील चार माणसे हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. दोन्ही घरांच्या वहिवाटीमध्ये जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे आणि गडग्याला लागून हापूसचे एक जुने कलम होते. खोड आमच्या बाजूला, निम्म्या फांद्या त्यांच्या बाजूला. वडिलांनी २००६ मध्ये वाटपाचा दावा लावला. दावा चालू असतानाच २००८ ते २०११ या काळात आम्ही तीन वेळा पोलीस ठाण्यात गेलो: एकदा गडगा सरकवल्याबद्दल, एकदा शिवीगाळीबद्दल आणि एकदा आंबे उतरवल्याबद्दल. तिन्ही वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करण्यात आली आणि तिन्ही वेळा "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" असे सांगण्यात आले. कोर्टात तर आम्ही होतोच.

मे २०१२ मधल्या एका सकाळी चुलतभाऊ झेला घेऊन आंबे उतरवायला आला. माझा मोठा भाऊ त्याला अडवायला गेला, बोलणे वाढले, आणि चुलतभावाच्या कमरेच्या आकडीतला कोयता हातात आला. भावाच्या दंडाला सात टाके पडले. त्यानंतर मात्र सारे भराभर झाले. आमची फिर्याद, दुसऱ्या दिवशी त्यांची उलट फिर्याद, पंचनामा, अटक, जामीन, दोन्ही घरांवर कलम १०७ ची चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई), आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ खाली दोषारोपपत्र.

साक्षीपुराव्याला उभे राहायला खटल्याला इतकी वर्षे लागली की मधल्या काळात, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने ते हापूसचे कलमच मुळासकट आडवे केले. पंचनाम्याच्या कागदावर मात्र ते शेवटपर्यंत उभे होते. मुद्देमाल उघडला त्या दिवशी मी न्यायालयात हजर होतो. खाकी कागद, त्यावर सुतळी, लाखेच्या मोहोरा अर्ध्याअधिक गळून गेलेल्या. कागद सोडवल्यावर कोयत्याच्या मुठीतून वाळवीने पोखरलेल्या लाकडाचा भुसा मेजावर सांडला आणि शिपायाने तो तळहाताने खाली झाडला. पंच आमचा शेजारी. हा कोयता त्याने शंभर वेळा पाहिलेला आहे, एकदा आपल्या दगडावर त्याला धारही लावून दिली आहे. तो म्हणाला की कोयता ओळखता येत नाही आणि पंचनाम्यावर आपली सही कोऱ्या कागदावर घेतली होती. त्यानंतर माझ्या भावाने साक्ष दिली की झटापटीत कोणाचे हत्यार कोणाला लागले हे सांगता येणार नाही. दोन्ही घरे थकली होती आणि तसे आधीच ठरले होते, हे मी लपवत नाही.

माझा प्रश्न असा आहे. न्यायालयाने अकरा वर्षे कोयत्याच्या घावाची चौकशी केली, पण घावाचे कारण असलेला गडगा त्या खटल्यात कोणाचाच विषय नव्हता. आणि ज्या दाव्यात गडगा हाच विषय आहे तो दावा अजून चालूच आहे. आरोपीला शिक्षा झाली असती तरी यात काही फरक पडला असता का?

काळा कोट

चिरेबंदी, मी याच जिल्ह्यात वकिली करतो, त्यामुळे तुमच्या कथेत मला नवल वाटण्यासारखे काही आढळले नाही, आणि हीच खेदाची गोष्ट आहे. कायद्याच्या बाजूने मात्र काही खुलासा करायला हवा.

एनसी करून परत पाठवणे म्हणजे पोलिसांचा आळसच असतो असे नाही. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १५५ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये आहे. मात्र जमिनीच्या ताब्यावरून शांतताभंग होण्याचा संभव असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे जाण्याचा मार्ग तेव्हाही होता. ते जुने कलम १४५, आताचे १६४. त्यात मालकी ठरत नाही, फक्त तूर्त ताबा कोणाचा एवढेच ठरते. पण तुमच्या तीन एनसी एकत्र करून पोलिसांनी तो अहवाल तहसीलदारांकडे पाठवला असता तर कदाचित कोयता आकडीतच राहिला असता. चॅप्टर केस मारामारीनंतर करण्यात काय अर्थ, असे मी प्रत्येक वेळी म्हणतो आणि प्रत्येक वेळी ती नंतरच होते.

दुसरा मुद्दा फितुरीचा. तुमच्या बंधूंनी जे केले त्याचे समर्थन मी करणार नाही, पण ते का घडते हे वाचकांना कळावे. कलम ३२४ हे पूर्वी न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीस पात्र होते. २००५ च्या दुरुस्तीने ते त्या यादीतून वगळले गेले आणि ती तरतूद २००९ च्या अखेरीस अमलात आली. म्हणजे तुमची घटना घडली तेव्हा दोन्ही पक्षांनी हातात हात घालून अर्ज केला असता तरी खालच्या न्यायालयाला तो खटला तडजोडीने मिटवता आला नसता. सर्वोच्च न्यायालयाने ग्यानसिंग खटल्यात २०१२ मध्ये स्पष्ट केले की खाजगी स्वरूपाच्या वादात समेट झाला असेल तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात असा खटला रद्द करू शकते. पण त्यासाठी मुंबई गाठायची, तिथला वकील करायचा, राहण्याजेवणाचा खर्च सोसायचा. हे सारे न परवडणारा माणूस स्वस्तातला मार्ग पत्करतो आणि पिंजऱ्यात उभा राहून "आठवत नाही" म्हणतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याला जोडलेले आहेत. सिंधुदुर्गाची त्यामुळे मोठी सोय झाली. मंडणगड-दापोलीकडच्या पक्षकाराला घाट चढून कोल्हापूरला जाणे मुंबईपेक्षा सोपे पडते का, याबद्दल आमच्या बार रूममध्ये रोज वाद होतो.

चाकरमानी

मूळ लेख मनापासून लिहिलेला आहे, पण त्याचा रोख मला पटत नाही. सामाईक सातबारा हे गुन्ह्याचे कारण असेल तर अर्धे कोकण तुरुंगात असायला हवे होते. आमच्या सातबाऱ्यावर एकतीस नावे आहेत, आमच्याही घरात वीस वर्षे अबोला आहे, तरी कोणी कोणावर हत्यार उगारलेले नाही. कारण समजून घेणे वेगळे आणि कारण सापडले म्हणून कृत्याचे ओझे उतरवून ठेवणे वेगळे. सात टाके गडग्याने घातले नाहीत, माणसाने घातले.

शिवाय तुमच्या पंचाचे आणि बंधूंचे वागणे हेही गुन्ह्याचे एक कारणच आहे. गावात मारामारी झाली की सगळे पाहतात आणि न्यायालयात कोणीच काही पाहिलेले नसते, हे पोरांना लहानपणापासून ठाऊक होते. कायद्यात शिक्षा किती वर्षांची लिहिली आहे याची भीती कोणालाही वाटत नाही. ती आपल्याला खरोखर होईल का, एवढेच माणूस पाहतो. उत्तर "नाही" असे असेल तर हात उचलायला फारसा वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो आणि ती आम्हा मुंबईकरांच्या विरुद्ध जाणारी आहे. ही भांडणे बहुतेक वेळा मे महिन्यात किंवा गणपतीत पेटतात. वर्षभर गावात राहणारी दोन घरे एकमेकांचे गवत कापत, गुरे हाकत निभावून नेतात. आम्ही आठ दिवसांसाठी येतो, मोजपट्टी काढतो, संध्याकाळी दोन पेले रिचवून हक्काच्या गोष्टी करतो आणि आग लावून तुतारी एक्स्प्रेसने परत जातो. तारखांना हजर राहावे लागते ते गावातल्या भावाला.

आंबेबाग

चाकरमानी यांच्या शिक्षेच्या मुद्द्याला धरून थोडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा हा शिक्षेचा नवा प्रकार आला आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा होते. आमच्या बागेत दर वर्षी चोरी होते आणि चोर बहुतेक वेळा वाडीतलाच सतरा-अठरा वर्षांचा मुलगा निघतो, ज्याला मोबाइलच्या रिचार्जसाठी किंवा क्रिकेटच्या स्पर्धेच्या वर्गणीसाठी चार पैसे हवे असतात. एप्रिलमध्ये काजूच्या बियांचे तेच. अशा मुलाला कोठडी दाखवून त्याचे भले झालेले मी तरी पाहिलेले नाही, त्यामुळे या तरतुदीचे मी स्वागत करतो. फक्त गंमत अशी की हंगामाच्या सुरुवातीची एक पेटी पाच हजारांच्या वर जाते आणि मेअखेरीस तीच पेटी हजाराच्या आसपास येते. म्हणजे आमच्याकडच्या चोराने कायदा वाचला तर तो मे महिन्याची वाट पाहील.

पायवाट

मी तालुका विधी सेवा समितीची विधी स्वयंसेविका म्हणून काही वर्षे काम केले आहे. हा धागा वाचताना मला अपेक्षित असलेला प्रतिसाद अजून आलेला नाही, पण तो येणारच, म्हणून आधीच लिहिते. "हे सगळे गावातच मिटवायला हवे होते," असे कोणीतरी म्हणेल.

गावात मिटवण्याची सरकारी योजनाही आपल्याकडे झाली. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ग्रामसभेने समिती निवडायची, गाव तंटामुक्त ठरले की बक्षीस मिळायचे. त्या समित्यांनी काही गावांत खरोखर चांगले काम केले. बांधाचे, पाण्याचे, गुरांच्या नुकसानीचे वाद मिटले. पण बक्षीस जवळ आले की तक्रारच नोंदवू नये म्हणून दबाव यायचा हेही मी पाहिले आहे, आणि तो दबाव सर्वांत आधी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईवर यायचा.

आणि गावकी, म्हणजे गावातल्या मानकऱ्यांची बैठक, ही तर समितीहून जुनी गोष्ट. एका गावात मंदिराच्या दानपेटीच्या चोरीत एका कुटुंबाने पोलिसांना खरी साक्ष दिली. चोर निघाला मानकऱ्याच्या घरातला. त्या कुटुंबाला वाळीत टाकण्यात आले. दुकानदार सामान देईना, गिरणीवर दळण घेईनात, शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात थांबली नाही. पुढे घरातली म्हातारी वारली तेव्हा खांदा द्यायला शेजारच्या गावातून माणसे बोलवावी लागली. चाकरमानी म्हणतात की न्यायालयात कोणीच काही पाहिलेले नसते. न्यायालय साक्षीदाराला एक दिवस बोलावते. गावात त्याला जन्मभर राहायचे असते.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१६ चा असून जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. रायगड-रत्नागिरीतल्या वाळीत प्रकरणांनी हा कायदा करायला भाग पाडले, हे आपण कोकणवासीयांनी विसरू नये. त्या कुटुंबाने या कायद्याखाली तक्रार दिली. बैठकीचे इतिवृत्त कोणी लिहून ठेवत नाही, दंडाची पावती कोणी देत नाही, त्यामुळे पुरावा उभा करणे अवघड जाते. पण पोलीस दोनदा गावात येऊन गेल्यावर गिरणी सुरू झाली, हेही खरे.

रापण

मी मालवणकडचा. आमच्याकडे गडगा नाही, समुद्र आहे, पण चिरेबंदी यांचा प्रश्न तिथेही तसाच्या तसा लागू होतो.

१९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने कोणी, कुठे, कोणत्या जाळ्याने मासे धरायचे हे ठरवून दिले. २०१६ मध्ये शासनाने पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या नौकांच्या घेर टाकणाऱ्या जाळ्यांवर, कडक बंधने घातली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली आणि २०२१ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला. कागदावर सारे चोख आहे. रात्री किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात दिव्यांची रांग दिसते, ती कशाची हे शाळेतले पोरही सांगेल. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे पारंपरिक जाळे) ओढणाऱ्याच्या हाती मग चार टोपल्या मासळीही येत नाही. तक्रारीवर तक्रारी केल्यावर एखाद्या दिवशी पारंपरिक मच्छीमार स्वतःच होड्या घेऊन जातात, नौका घेरतात, बंदरात ओढून आणतात, आणि त्या गर्दीत कोणीतरी खलाशाला मारतो. त्या नौकेवरच्या बेकायदा जाळ्याचे प्रकरण मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांपुढे दंडाच्या सुनावणीला जाते. घेरणाऱ्यांवर मात्र बेकायदा जमाव, दंगल आणि मारहाणीचे गुन्हे दाखल होतात. एकीकडे दंड भरला की विषय संपतो. दुसरीकडे पंचवीस घरांतली माणसे वर्षानुवर्षे तारखांना उभी राहतात, त्यांतल्या एखाद्या मुलाला पोलिसांचा चारित्र्य दाखला मिळत नाही आणि त्याची परदेशी बोटीवरची नोकरी जाते.

कायदा हातात घेणे चूकच आहे, हे मी आमच्या सोसायटीच्या सभेतही बोललो आहे. पण दोन चुकांतली एक महसुलाची आणि दुसरी फौजदारीची, अशी विभागणी झाली की दुसरी चूक करणाऱ्याला न्यायालय आपले वाटत नाही.

गोव्याच्या दारूचेही थोडे तसेच आहे. गोव्यात अबकारी कर कमी, म्हणून तीच बाटली सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडे आणली की पैसे सुटतात. नाक्यावर सापडतो तो रोजावर गाडी चालवणारा पोरगा. माल कोणाचा, हे त्याला ठाऊक नसते किंवा ठाऊक असून सांगण्याची सोय नसते. दारूबंदी कायदा १९४९ चा, गाडी जप्त, पोराच्या नावावर गुन्हा, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी, दुसरा पोरगा. दोन राज्यांच्या करांतला फरक आहे तोवर ही भरती चालूच राहणार.

पायवाट

रापण यांनी खलाशांचा उल्लेख केला म्हणून पुन्हा लिहिते. आपल्या नौकांवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळहून आलेली माणसे मोठ्या संख्येने काम करतात. त्यांच्यापैकी एखाद्यावर गुन्हा दाखल झाला की त्याला जामीन मंजूर होऊनही तो आतच राहतो, कारण जामीनदार हवा, जामीनदाराचा सातबारा हवा, ऐपतीचा दाखला हवा, आणि मालक हंगाम संपताच हात झटकतो. देशभराचे चित्र हेच आहे: २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतील सुमारे ४ लाख ३४ हजारांचा खटला अजून चालूच होता. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन समजावा आणि स्वतःच्या बंधपत्रावर सोडावा, असे कायदा सांगतो. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल तर पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बंधपत्रावर सोडायचे असते. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी मदत देणारी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे. कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात लिहिलेले आहे. मी तुरुंगभेटीत एकाला हे समजावून सांगितले तेव्हा त्याने विचारले की मोफत वकील कोणाच्या बाजूने बोलतो. त्याच्या प्रश्नात काही चूक नव्हती.

चाकरमानी

पायवाट ताई, गावकीचा प्रसंग वाचून मी माझे वाक्य मागे घेतो. फितुरीला सरसकट गुन्ह्याचे कारण म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र चिरेबंदींच्या पंचाला कोणी वाळीत टाकणार नव्हते. तिथे दोन्ही घरांनी मिळून न्यायालयाला फसवले आणि या एका बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे.

काळा कोट

चाकरमानी यांचे म्हणणे योग्य आहे आणि चिरेबंदींनीही ते नाकारलेले नाही. मला आता व्यवहाराचे विचारायचे आहे. दाव्यात प्राथमिक हुकूमनामा (हिस्से ठरवणारा पहिला निर्णय) झाला आहे का? आणि सर्व सहधारक तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप करून घेण्याचा विचार केला आहे का? दाव्याच्या अखेरीपर्यंत थांबण्यापेक्षा ते पुष्कळ लवकर होते. अट एकच: मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी आधी करून घ्याव्या लागतील, आणि एकही सही कमी पडली तर पुन्हा पहिल्यापासून.

चिरेबंदी

सर्वांचे आभार. चाकरमानी, तुमचा ठपका मान्य आहे. भावाने साक्ष दिली त्या रात्री तो जेवला नाही, एवढेच सांगतो.

वकीलसाहेब, प्राथमिक हुकूमनामा झालेला नाही. दोन प्रतिवादी मयत झाल्यावर त्यांचे वारस दाव्यात आणण्यातच पाच वर्षे गेली. कलम ८५ बद्दल आमच्या वकिलांनीही सुचवले होते, पण खटला चालू असताना समोरासमोर बसणे शक्य नव्हते. निकालानंतर मी चार मयतांच्या वारस नोंदींचे अर्ज तलाठ्यांकडे दिले, मुंबईतल्या नऊ जणांना घरोघरी जाऊन भेटलो आणि आतापर्यंत सतरा सह्या मिळवल्या. नालासोपाऱ्याच्या एका आत्येने सही करण्यापूर्वी विचारले की ते कलम अजून धरते का. वादळात पडले म्हटल्यावर तिने लाकूड कोणी नेले ते विचारले. खरे म्हणजे त्या लाकडावरूनही २०२० मध्ये एक एनसी झालेली आहे. ती मी वर लिहिली नव्हती.

राहिलेल्या सह्यांत चुलतभावाची सही होती. परवा कागद घेऊन त्याच्या पडवीत गेलो, तेरा वर्षांनी. त्याने बस म्हटले नाही, वहिनीने पाणी आणले नाही. चष्मा शोधायला तो आत गेला तेव्हा मी पडवीच्या खांबाला अडकवलेल्या आकडीकडे पाहत होतो. तिच्यात नवा कोयता होता. बाहेर येऊन त्याने चारही पाने वाचली, गडगा कोणाच्या हिश्श्यात जातो ते नकाशावर बोट ठेवून दोनदा विचारले, आणि सही केली.